पाठ टेकली, मग पुढे काय? कुस्ती, ज्युदो, जिउ-जित्सू आणि ताकदीचा व्यायाम

दुहेरी_पट (धागाकर्ता)

बारा वर्षं कुस्ती केली. आधी मातीत, मग मॅटवर. गेलं दीड वर्ष ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतोय. पहिल्या महिन्यात जे अनुभवलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

पहिल्याच सरावात समोर माझ्यापेक्षा पंधरा किलोंनी हलका मुलगा होता. खडाखडी झाली, मी पट काढला, म्हणजे पायांना हात घालून पाडलं, तो अलगद पाठीवर गेला. आत कुठेतरी बारा वर्षांची सवय म्हणाली, चीत, संपलं. हात अर्धा क्षण सैल पडले असतील. तेवढ्यात माझी मान आणि एक हात त्याच्या दोन पायांच्या त्रिकोणात अडकले होते. मी थाप मारून हार मानली. दुसऱ्या फेरीत त्याने मला उलटवून खाली घेतलं आणि मी विचार न करता पोटावर वळलो, कारण कुस्तीत पाठ वाचवायची असते. तो पाठीवर चढला, दोन्ही पायांनी सवारी कसली आणि मागून गळा आवळला. महिनाभर हेच चाललं. ताकद माझी जास्त, दम माझा जास्त, आणि हरत मी होतो.

मग लक्षात आलं की मी चुकत नव्हतो. माझं शरीर अगदी बरोबर उत्तर देत होतं, फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचं होतं. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की निकाल लागतो. ज्युदोत वेगाने, जोराने पाठीवर आपटलं की इप्पोन, तिथेच सामना संपतो. जिउ-जित्सूत पाठीवर असणं ही एक जागा आहे, तिथून डाव सुरू होतो. एकाच पाठीचे तीन अर्थ, आणि त्या त्या अर्थाभोवती प्रत्येक शैलीची सगळी डावपेचांची उभारणी झाली आहे.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण १९१० सालचं. लंडनमध्ये हिंदुस्थानी पैलवान गामा आणि पोलंडचा झ्बिश्को यांची कुस्ती झाली. उभ्याने आपला निभाव लागत नाही हे कळल्यावर झ्बिश्को पोटावर पडून राहिला आणि अडीच तासांहून अधिक काळ बहुतेक वेळ तसाच मॅटला चिकटून होता. पाठ लागली नाही, म्हणून निकाल नाही, कुस्ती बरोबरीत. पुढे १९२८ साली पतियाळ्यात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत त्याला आस्मान दाखवलं. आता १९१० च्या त्या लढतीत गळा आवळायची मुभा आहे असं समजा. पोटावर पडून राहणं ही अडीच तासांची ढाल राहिली असती का? मला वाटतं, काही मिनिटांतच फैसला झाला असता. पण तसा नियम असता तर झ्बिश्को पोटावर पडलाच नसता, हेही तितकंच खरं.

म्हणून 'कोणती शैली श्रेष्ठ' यापेक्षा मला हे वाचायचंय: तुमच्या शैलीच्या नियमांनी तुमच्या शरीराला कोणती सवय लावली, आणि दुसरीकडे गेल्यावर ती कुठे नडली? शिवाय ताकदीचा व्यायाम तुम्ही या सगळ्यात कसा बसवता?

---

उकेमी

धागा आवडला. मी ज्युदोवाली, एकोणीस वर्षं झाली.

माझी नडलेली सवय सांगते. मी पायांचा बचाव जवळजवळ विसरले होते. जुन्या ज्युदोत पाय धरून पाडणं सर्रास होतं. २०१० मध्ये त्यावर निर्बंध आले आणि २०१३ पासून उभ्याने पायाला हात लावणंच बंद झालं. त्यामुळे आमच्या नंतरच्या पिढ्या ताठ उभ्या राहतात, कंबर वर, दोन्ही हात जाकिटावर. दिसायला सुंदर. कुस्तीगिरासमोर मात्र दोन्ही मांड्या ताटात वाढून ठेवल्यासारख्या. एका मैत्रिणीने, जी फ्रीस्टाइल खेळते, दहा मिनिटांत माझे सात पट काढले. आठव्या वेळेला मी गुडघे वाकवून उभी राहिले, तेव्हा ती म्हणाली, "आता कुठे तू कुस्तीला उभी राहिलीस."

उलट बाजूही सांगते. तिला जाकीट घालायला लावलं तर ती हतबल झाली. कापडाची पकड ही वेगळीच विद्या आहे. बाही आणि कॉलर हातात आली की समोरच्याचा तोल त्याच्या आधी मला कळतो.

डावांचं म्हणाल तर नाती जवळची आहेत. तुमचा धोबीपछाड म्हणजे आमचा इप्पोन सेओइ नागे, फरक पकडीचा. कलाजंग, म्हणजे समोरच्याला खांद्यांवर आडवा उचलून फेकणं, तो आमचा काता गुरुमा. तो आमच्या नागे-नो-कातात, म्हणजे ठरलेल्या फेकींच्या क्रमात, आजही जपलेला आहे, पण स्पर्धेत त्याच्या मूळ रूपात चालत नाही, कारण पायाला हात लागतो. ज्युदोचे जनक कानो जिगोरोंनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, त्या परंपरेतला डाव त्याच खेळाच्या स्पर्धेत निषिद्ध व्हावा याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

---

जोरबैठक

दुहेरी_पट, गामा-झ्बिश्कोचं उदाहरण चपखल. त्यात भर घालतो. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटचा सराव नसल्यात जमा होता, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्यपदक. माणूस तोच. मधल्या काळात त्यांनी मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम अंगवळणी पाडले.

मातीत पाय रुततो, हालचाल सावकाश होते, पकड घामाने आणि मातीने घट्ट बसते, आणि कुस्ती चीतपट होईपर्यंत चालू शकते. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पाडलं की दोन गुण, पाठ मॅटकडे वळवली की दोन गुण, बाहेर ढकललं तरी एक. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच थांबतो, ग्रीको-रोमनमध्ये (जिथे कमरेखाली पकड चालत नाही) आठची. या हिशेबात मातीतला सबुरीचा पैलवान पहिल्या मिनिटातच मागे पडतो. त्याची ताकद कमी नसते, घड्याळ त्याच्या ओळखीचं नसतं.

---

सकाळची_धाव

या विषयातलं काही कळत नाही, तरी सगळं वाचलं. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला यातलं काहीतरी शिकायचंय. कुठून सुरू करावं? आणि कराटे किंवा बॉक्सिंगपेक्षा हे बरं का?

---

उकेमी

सकाळची_धाव, तिला आधी पडायला शिकवणारं काहीही चालेल. माझं नावच त्यावरून घेतलंय. उकेमी म्हणजे पडण्याची कला: हनुवटी छातीला, हाताने जमिनीवर थाप, आघात पाठीवर पसरवायचा, श्वास सोडायचा. ज्युदोत पहिले काही आठवडे हेच असतं. स्पर्धा सोडली तरी ती आयुष्यभर उपयोगी पडते. लहान वयोगटांना साधारणपणे कोपराचे बंध (सांधा उलटा वाकवून हार मानायला लावणं) आणि गळफास शिकवत नाहीत, तेही तपासून घ्या. वर्गात एकदा बसून बघा: शिक्षक मुलांना थाप मारल्याबरोबर सोडायला लावतात का? ते नसेल तर दुसरा वर्ग शोधा, शैली कोणतीही असो.

कराटे-बॉक्सिंग वाईट अजिबात नाही. एक मोठा फरक आहे. पकडीच्या खेळात रोज पूर्ण जोराने झटता येतं. ठोशांच्या खेळात पूर्ण जोर रोज लावला तर डोक्याला इजा होते, म्हणून सराव हलका ठेवावा लागतो.

---

लोखंड

ताकदीवर कुणी नीट बोलत नाही म्हणून लिहितो. 'तंत्र असेल तर ताकद लागत नाही' हे वाक्य प्रत्येक जिउ-जित्सूच्या वर्गात ऐकू येतं. मग वजनगट कशासाठी आहेत? १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर ब्राझिलियन जिउ-जित्सूचा हेलिओ ग्रेसी आणि जपानी ज्युदोपटू किमुरा मासाहिको भिडले. हेलिओचं तंत्र जगातल्या उत्तमांपैकी होतं, पण समोर तंत्रही होतं आणि बरंच जास्त वजन व ताकदही. किमुराने पुन्हा पुन्हा फेकलं. तिथले नियम फेकीवर निकाल देत नव्हते, म्हणून लढत चालू राहिली (इथे धागाकर्त्याचा मुद्दा पुन्हा सिद्ध होतो). शेवटी खांद्याचा बंध घातला, हेलिओ हार मानेना, त्याच्या बाजूच्यांनी लढत थांबवली. जिउ-जित्सूत त्या बंधाला आजही किमुराच म्हणतात.

ताकद म्हणजे एकच गोष्ट नाही. निदान तीन आहेत. एक, जास्तीत जास्त जोर: माणूस उचलणं, दाबून धरणं. दोन, तो जोर किती झटकन येतो: पट काढताना किंवा टांग मारताना सगळं एका सेकंदाच्या आत आटोपतं, उशिरा आलेली ताकद कामाची नाही. तीन, ताण धरून ठेवणं: पकड, मान, पोट. इथे स्नायू हलत नाही, नुसता पिळून निघतो.

पहिल्यासाठी जड वजन आणि कमी आवर्तनं हवीत, तुम्ही एकदाच उचलू शकाल त्याच्या साधारण ८५ टक्के किंवा वर, एका फेरीत एक ते पाच वेळा. इथेच आपले बरेच पैलवान गडबड करतात. पाचशे बैठका मारणाऱ्याची मांडी कमालीची टिकाऊ होते, पण शंभराव्या बैठकीनंतर भार तोच राहतो, म्हणून जास्तीत जास्त जोर वाढायचा थांबतो.

मी स्वतः आठवड्यातून दोनच दिवस लोखंड उचलतो. डेडलिफ्ट (जमिनीवरून जड बार उचलणं) पाच-पाचच्या तीन फेऱ्या, कमरेला वजन बांधून पुलअप, कोपरांच्या खोबणीत बार धरून बैठका (माणूस मिठीत उचलण्याच्या सर्वांत जवळ जाणारा व्यायाम मला हाच वाटतो), आणि शेवटी दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. पकडीसाठी बारवर टॉवेल टाकून त्याला लटकणं. पाऊण तासात संपवतो. दोनच दिवस का, तर १९८० मध्ये हिक्सन या संशोधकाने एक प्रयोग केला होता, दहा आठवड्यांचा. ताकद आणि दमाचा जोरदार व्यायाम एकत्र करणाऱ्यांची ताकद सातेक आठवडे वाढली, मग थांबली आणि शेवटी घसरली. नुसती ताकद करणाऱ्यांची वाढतच राहिली. त्यांचा मारा फारच जास्त होता, आठवड्याला पाच-सहा दिवस. तेवढा कुणी करू नये. पण मॅटवर चार दिवस घाम गाळणाऱ्याने लोखंडही चार दिवस उचललं तर तेच होणार.

---

जोरबैठक

लोखंड, बहुतेक पटलं, पण जोराला तुम्ही नुसत्या बैठकांच्या पंगतीत बसवू नका. जोर मारताना ढुंगण वर, मग छाती जमिनीलगत सरकत पुढे, मग कंबर खाली आणि मान वर. खांदा, कणा, कंबर एका लाटेत चालतात. बेंच प्रेसमध्ये खांद्याची पाती बाकड्याला खिळलेली असते. खाली पडल्यावर उठून पायांवर यायची जी हालचाल आहे ती जोर मारण्यातच आहे. आणि गदा: वजन मुठीपासून लांब, तोल सतत सरकणारा. दहा वर्षं गदा फिरवली, खांदा एकदाही निखळला नाही. त्याआधी दोनदा निखळला होता.

---

लोखंड

जोराच्या लाटेबद्दल तुमचं बरोबर. मी फक्त 'जास्तीत जास्त जोर' या एका गोष्टीबद्दल बोलत होतो. खांदा तयार ठेवायला मीही सुरुवातीला वीस जोर मारतोच. हलकी गदा सुरू करून बघतो. किती किलोपासून?

---

जोरबैठक

नवख्याने चार-पाच किलोंच्या वर जाऊ नये. दांडा लांब असेल तर तेवढीही जड लागते. आधी दोन्ही हातांनी.

---

अस्थिबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि थोडं जिउ-जित्सू खेळते. इजांवर लिहायला हवं, कारण शैली बदलणाऱ्यांना मी जास्त वेळा टेबलावर बघते. जुनी सवय, नवा धोका.

कुस्तीतून आलेला माणूस पाय अडकला की झटका देऊन फिरतो. साध्या पकडीत हे चालतं. टाच धरून पाय पिळणाऱ्या बंधात, ज्याला हील हूक म्हणतात, हाच झटका गुडघा संपवतो. कोपराचा बंध लागताना आधी दुखतं, मग इजा होते, म्हणून वेळ मिळतो. गुडघ्याला पीळ बसतो तेव्हा दुखणं उशिरा जाणवतं, तोवर अस्थिबंध तुटलेला असू शकतो. म्हणून पाय पकडला गेला की दुखायची वाट बघू नका, थाप मारा. आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघानेही २०२१ पर्यंत हा बंध बंदच ठेवला होता. नंतर परवानगी दिली ती फक्त बिनजाकिटाच्या प्रकारात, प्रौढ तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना.

कैचीचंही तसंच. उभ्या माणसाच्या पायांवर आडवं झेपावून दोन पायांत पकडणं. ज्युदोत त्याला कानी बासामी म्हणतात. १९८० मध्ये यामाशिता यासुहिरोसारख्या अजिंक्य खेळाडूचा पाय त्याने मोडला. आता ज्युदोत तो बंद आहे. सरावात ओळखीच्या जोडीदारावरसुद्धा तो मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गळ्याबद्दल: मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या तर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते. दुखतही नाही फारसं. म्हणून फसगत होते, 'अजून थोडं सहन करतो' म्हणेपर्यंत माणूस बेशुद्ध झालेला असतो. श्वासनलिका दाबली तर दुखतं, खोकला येतो, आणि इजा जास्त होते. दोन्हींत थाप लवकर मारायची, आणि धरणाऱ्याने ती जाणवताक्षणी सोडायची.

अजून एक, आणि हे मी कळकळीने लिहितेय. वजन उतरवणं. १९९७ च्या अखेरीला अमेरिकेत महिनाभराच्या अंतरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथले नियम बदलले. माझ्याकडे आजही सोळा-सतरा वर्षांची मुलं दोन दिवस पाणी न पिता येतात आणि त्यांना वाटतं की ही शिस्त आहे. एक गट वर खेळा. हरलात तर हरलात.

---

सकाळची_धाव

उकेमी, अस्थिबंध, दोघींचे आभार. वजन उतरवण्याचा परिच्छेद मुलीला वाचून दाखवला. उद्या एका ज्युदो वर्गात बसून बघणार आहोत.

---

दुहेरी_पट

अस्थिबंध, तुमच्या प्रतिसादाने हादरलो. सोळाव्या वर्षी मी चार किलो असेच उतरवलेत. मला कुणी सांगितलं नव्हतं.

उकेमी, एक विचारायचंय. इतके डाव सारखे, मग एका शैलीचा माणूस दुसरीकडे जाऊन नेमकं काय घेऊन येतो?

---

उकेमी

वेळेचं भान. डाव तर कुणीही दाखवतो. मला फ्रीस्टाइलकडून 'बाहेर ढकलण्याची भीती' मिळाली, म्हणजे कडेला असताना पाय कुठे ठेवायचा. जिउ-जित्सूकडून खालची सबुरी मिळाली. ज्युदोत जमिनीवर प्रगती दिसली नाही की पंच पटकन उभं करतात, आणि वीस सेकंद दाबून धरलं की सामना संपतो. त्यामुळे आम्ही खाली घाई करतो. जिउ-जित्सूत घाई केली की जागा जाते. त्यांची गुणपद्धत बघा: पाडणं दोन, पण पाय ओलांडून बाजूला येणं तीन, छातीवर किंवा पाठीवर पक्कं बसणं चार. खाली केलेल्या कामाला पाडण्यापेक्षा जास्त मोल.

तुम्ही एक प्रयोग करा. तोच जोडीदार, पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. पहिली कुस्तीच्या नियमांनी, खांदे टेकले की संपलं. दुसरी ज्युदोच्या. तिसरी जिउ-जित्सूच्या. फेऱ्यांमध्ये दोन मिनिटं विश्रांती. आणि तुमचं शरीर कोणत्या फेरीत कुठे खोटं बोलतं ते लिहून ठेवा.

---

लोखंड

भारी कल्पना. मीही करतो. त्या दिवशी वजन उचलू नका.

---

दुहेरी_पट

दहा दिवसांनी लिहितोय. प्रयोग केला, त्याच पंधरा किलो हलक्या मुलाबरोबर.

पहिल्या फेरीत तो तीनदा चीत झाला. पहिल्यांदा तर त्याने स्वतःहून पाठीवर बसकण मारली, आणि खांदे टेकल्यावर गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. महिनाभर माझा चेहरा असाच दिसत असणार. दुसऱ्या फेरीत दोघांनाही काही सुचेना, जाकीट धरून गोल फिरत होतो. मी दोनदा पटाला खाली गेलो आणि दोन्ही वेळा स्वतःलाच थांबवावं लागलं.

तिसऱ्या फेरीत त्याने मला उलटवून खाली घेतलं. पोटावर वळायची ओढ आली. ती आली हे मला या वेळी जाणवलं. मी कुशीवरच थांबलो, कोपर आणि गुडघा मध्ये घातला, आणि त्याला पाठ मिळाली नाही. शेवटी गुणांवर हरलोच, चार-दोन. पण पाच मिनिटं थाप मारावी लागली नाही, दीड वर्षात त्याच्यासमोर पहिल्यांदाच.

नंतर घाम पुसत बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, "दादा, तुमचा पट मला दिसतच नाही, एकदम मांडीवरच कळतो. शिकवाल?" शनिवारपासून सरावाच्या आधी अर्धा तास लवकर येतोय दोघं. मी त्याला पट देणार, तो मला खालून गुडघा मध्ये कसा ठेवायचा ते.